दुसऱ्या अंकात सासरेबुवा

माणसाला कलेची गोडी लावणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे! आमच्या ऑफिसातल्या कायम आंबट तोंडाच्या हेडक्लार्कलासुद्धा मी एकदा चित्रप्रदर्शनात नेऊन खदखदून हसवलं होतं. मी पायऱ्यांवरून घसरलो म्हणून तो हसला, असं बाकीचे सांगतात. सांगू देत! जळतात मेले!

त्यामुळे बायको डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "अहो, बाबांचं काहीतरी करा हो," तेव्हा मी जराही डगमगलो नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे. चव्वेचाळीस वर्षं शिंपीकाम केलं, सात महिन्यांपूर्वी दुकान बंद केलं आणि आमच्याकडे राहायला आले. तेव्हापासून ते खिडकीशी बसले ते बसलेच. धड जेवण नाही, धड बोलणं नाही, घराबाहेर पाऊल नाही. सदऱ्याच्या कॉलरमागे दोरा ओवलेली सुई मात्र रोज सकाळी खोचायचे. कशाला, ते कुणी विचारायचं नाही.

"असंच चाललं तर ते खचतील हो," बायको म्हणाली.

"एक दिवस दे मला! हसत परत आणतो की नाही बघ!"

मी वेळापत्रकच केलं. साडेनऊला वस्तुसंग्रहालय, साडेअकराला चित्रदालन, तीनला नाटक. माहितीपुस्तकं तोंडपाठ केली. बाबा "कशाला उगाच" म्हणाले, पण लेकीनं चपला पायाशी आणून ठेवल्यावर उठले बिचारे.

संग्रहालयात मी सुरुवातच दणक्यात केली. "बाबा, ही तलवार बघा! या तलवारीनं..."

मागे वळून बघतो तर बाबा नाहीत! ते पलीकडे एका राजाच्या अंगरख्यासमोर, काचेला नाक लावून उभे.

"शिलाई बघा," ते हळूच म्हणाले. "हातानं केलेली. दोनशे वर्षं झाली, एक टाका हललेला नाही. काय हात असेल हो!" मग त्यांनी खालची पाटी वाचली. "राजाचं नाव आहे. शिवणाऱ्याचं नाही."

आणि मान खाली घालून पुढे चालू लागले.

चित्रदालनात मी एका सेनापतीच्या भल्यामोठ्या चित्रासमोर त्यांना उभं केलं आणि प्रकाश, छाया, रंगसंगती असं सगळं एका दमात म्हणून टाकलं. बाबांनी बराच वेळ चित्र न्याहाळलं.

"डावा खांदा पडलाय," ते म्हणाले.

"चित्रकार चुकला?"

"छे हो! शिंपी चुकलाय. चित्रकारानं चूक होती तश्शी काढलीय. एवढ्या मोठ्या माणसाची भीड बाळगली नाही. वा! याला म्हणतात नजर!"

सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'वा' निघालं! मीही ते चित्र पुन्हा बघितलं. खांदा खरंच पडला होता. एवढी पुस्तकं वाचून मला दिसला नव्हता.

तीनला नाटक. काय ते नाट्यगृह! उंच छत, मऊ खुर्च्या, आणि दिवे मंदावले की हजार माणसांची एकदम होणारी ती शांतता. माझ्या तर अंगावर काटाच येतो! नायक न्यायाधीश होता, लांब काळ्या कोटातला. नट असा तगडा, की त्यानं नुसती मान वळवली तरी लोक श्वास रोखत होते. बाबांनी माझा हात घट्ट धरला.

"बघितलंत?"

"हो बाबा! काय अभिनय!"

"अभिनय कसला! काखेत उसवलाय कोट. आणखी दोनदा हात वर केला की बाही खाली येईल. सांगायला हवं त्याला."

"श्श्! इथे मध्ये बोलत नाहीत!"

मध्यंतरात मी चहा आणायला गेलो. परत येतो तर खुर्ची रिकामी! स्वच्छतागृहात नाहीत, व्हरांड्यात नाहीत. बायकोला काय तोंड दाखवू? रंगमंचाच्या बाजूच्या दारापाशी एक मिशाळ दारवान होता. त्याला विचारलं.

"म्हातारे ना? कोटाचं काम आहे म्हणाले, सुई दाखवली, सोडलं आत."

"मलाही सोडा! मी जावई आहे त्यांचा!"

"सुई आहे?"

सुई कुठून आणणार? त्याची पाठ वळताच मी सुळकन आत घुसलो. आत अंधार. चाचपडत एका खोलीत पोचलो. सोफा, टेबल, दिवा, समोर भिंत. बाबांना अधूनमधून चक्कर येते. मेलो! सोफ्यामागे पडले तर नसतील? मी गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली डोकं घातलं.

"बाबा! अहो बाबा!"

तेवढ्यात समोरची भिंत वर जायला लागली!

भिंत कसली, पडदा होता तो! तोंडावर झगझगीत उजेड पडला आणि हजार माणसांना सगळ्यात आधी दिसलं ते माझं बूड! मी डोकं बाहेर काढतोय तोवर न्यायाधीश प्रवेश करून मोकळे झाले. आणि त्यांच्यामागे, त्यांच्या काखेला चिकटून, सुई चालवत चालवत आमचे बाबा! तिसरी घंटा झाली, नट निघाला, टाका अर्धवट, दोरा कोटाला. अर्धा टाका सोडतील ते बाबा कसले!

नटानं घनगंभीर आवाजात वाक्य टाकलं, "आज या घरात माझ्याशिवाय चिटपाखरूसुद्धा नाही!"

नाट्यगृह कोसळलं! हसून हसून लोक खुर्च्यांवरून घरंगळायचे बाकी राहिले. नटानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाबांकडे, आणि शांतपणे म्हणाला, "मास्तर, अजून किती टाके?"

"तीन," बाबा मान वर न करता म्हणाले. "हात खाली घ्या. श्वास सोडा."

हजार माणसं ते तीन टाके बघत राहिली. एवढी शांतता तर नायकाच्या भाषणालाही नव्हती. बाबांनी गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि कोटावरून हात फिरवला. नटानं दोन्ही हात ताठ वर केले. कोट जागचा हलला नाही! अशा टाळ्या पडल्या म्हणता! बाबांनी वर बघितलं आणि हसले. तोंडभर हसले हो! मी तिथेच, सोफ्याशेजारी, मुसमुसून रडलो.

नाटक संपल्यावर कपडेपट सांभाळणाऱ्या बाई त्यांना आत घेऊन गेल्या. तीनशे पोशाख, त्यातले निम्मे उसवलेले. बाबा एकेकावरून हात फिरवत शेवटपर्यंत गेले आणि परत येऊन एवढंच म्हणाले, "उद्या किती वाजता येऊ?"

आता रोज दहाला जातात. घरी येऊन पोटभर जेवतात, नटांच्या नकला करतात, बायको खूश आहे. मी त्यांना स्कूटरवरून सोडतो. दारापर्यंतच. आत मला मज्जाव आहे. तिकीट काढलं तरी दारवान खिशातून माझं वर्णन लिहिलेला एक कागद काढतो, माझ्याकडे बघतो आणि मान हलवतो.

शेवटी परवा मी बाबांना म्हटलं, "तिथे तुमच्या शब्दाला वजन आहे. तो कागद तेवढा फाडायला सांगा ना!"

"कसा सांगू?" बाबा सुईत दोरा ओवत म्हणाले. "मीच लिहून दिलाय. तुमच्या मापांसकट."