तीन रिंगांची हरकत

कोडोलीच्या आमच्या कॉलनीत दिनकर कांबळ्यांच्या घरी लग्नपत्रिका घेऊन जायला माणसं घाबरायची. बाकीचे लोक पत्रिकेत जेवण कुठं आहे ते बघतात. कांबळेदादा चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचत आणि शेवटी म्हणत, "वेळ बारा पस्तीसची छापलीया. मागं तुमच्या थोरल्याचं लग्न दीडला लागलं. मधल्या टायमात पब्लिकनं काय करायचं ते ह्यात लिवलेलं न्हाय. माझी हरकत हाय."

आणि हे नुसतं तोंडी नाही. पाठकोऱ्या कागदावर लिहून द्यायचे, एक प्रत स्वतःकडं ठेवायचे आणि त्या प्रतीवर नवऱ्या मुलाच्या बापाची पोच म्हणून सही घ्यायचे. आमच्या भागातली लग्नं पुढं पुढं वेळेवर लागायला लागली, त्याचं कारण हे एकच, असं मी तरी समजते.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांचा जन्म गेला. तिथं रोज बैलगाडीवाल्यांच्या हरकती ऐकून घेतल्या, आणि रिटायर झाल्यावर बहुतेक सगळ्या व्याजासकट परत करायला बसले. सकाळी वाचनालय उघडलं की हे हजर. लोक पहिलं पान ओढायचे, दादा शेवटचं. तिथं मुंगीएवढ्या अक्षरात सरकारी सूचना असतात बघा, 'नागरिकांकडून हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' अशा. माझ्यासारखी बाई त्या कागदात भाकरी गुंडाळते. दादांना मात्र ते घरी आलेलं आवतण वाटायचं.

"वैनी, सरकार इचारतंय आपल्याला," ते मला म्हणायचे. "आपुन गप बसलो तर ते काय लिवणार? जनतेला मंजूर हाय."

एकदा त्यांनी गोंदियाकडच्या कुठल्याशा रस्त्याच्या रुंदीकरणाला हरकत पाठवली. मी म्हटलं, "दादा, गोंदियात तुमचं कोण आहे?"

"रस्ता हाय की," म्हणाले.

आता त्यांच्या घरातल्या फोनचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुलभावैनी, म्हणजे दादांची बायको, त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समज मात्र लख्ख. मी नेऊन दिलेल्या भाजीत मीठ कमी पडलं तर माझ्याकडं अशा बघायच्या की मीच ओशाळायची. तेव्हा मोबाइल नुकते सगळ्यांच्या हातात यायला लागले होते. दादांनी एक छोटा मोबाइल घेतला आणि घरच्या फोनवरून तोच नंबर लावून ठेवला. मग वैनींनी डाव्या हातानं रिसीव्हर काढायचा आणि रिडायलचं बटण तेवढं दाबायचं. एक रिंग देऊन ठेवला, तर सगळं ठीक. दोन रिंगा दिल्या, तर घरी या. दादांनी उचलायचा नाही. उचलून करणार काय, पलीकडं बोलणारं कोणी नाही.

त्यामुळं त्या फोनवरून दुसरा नंबर लावायला सक्त मनाई. मला हे माहीत नव्हतं तेव्हा एकदा माझा फोन बंद होता म्हणून मी तिथनं जोतिबाला बहिणीच्या नारळाच्या दुकानात फोन केला. झालं. दुपारभर वैनींच्या रिंगा डोंगरावर. आमचे मेव्हणे गिऱ्हाईक सोडून फोनकडं धावायचे, उचलेपर्यंत बंद. शेवटी नंबर कोडोलीचा बघून घाबरले, दुकान बहिणीच्या हवाली केलं आणि एसटीनं कोडोलीत हजर. दोन रिंगा म्हणजे घरी या, आणि माणूस खरंच आला. दादांनी मला लेखी हरकत दिली. मेव्हण्यांना चहा दिला.

पण ही युक्ती कॉलनीला आवडली. एक रिंग म्हणजे दूध आलं, भांडं घेऊन या. दोन म्हणजे कोल्हापूरला माणसं नेणारी वडापची जीप भरत आली, निघा. बोलायचं काही कामच राहिलं नाही, आणि पैसाही लागेना.

आणि एका सकाळी दादा वाचनालयातून तडक माझ्या दारात. पाय धुतले नाहीत, चहाला हो म्हणाले नाहीत. दिल्लीच्या टेलिफोन खात्याची सूचना आली होती. लोक नुसती रिंग देऊन ठेवतात, त्यात संभाषण होत नाही आणि लाइन मात्र अडून राहते, तेव्हा अशा न उचललेल्या फोनलाही आकार लावावा की काय, यावर जनतेनं मत कळवावं. सगळा मजकूर इंटरनेटवर, इंग्रजीत. सुनावणी मुंबईला.

मला वाटलं, दादांना दिवाळी. पण चेहरा उतरलेला. पायरीवर बसले.

"आकार मी भरीन हो. पर सुलभा? ती कोल्हापूरच्या स्टँडापासनं देवळापातूर रिक्षा करू देत नव्हती मला. एका रिंगंला पैसं पडत्यात हे तिला कळलं, की ती बटनाला हात लावणार न्हाय. घरात मग कायबी आवाज न्हाय बघा."

दादा असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "मग घ्या की हरकत. एवढी वर्षं काय तालीमच केली म्हणायची." तसे उठले.

कोल्हापुरात स्टँडजवळच्या नेट कॅफेत जाऊन ती सूचना छापून आणली, कॉलेजातल्या एका मास्तरांकडनं मराठीत समजून घेतली. मग हरकती सुटल्या. पहिली, मजकूर मराठीत का नाही. दुसरी, जनता इकडं आणि सुनावणी मुंबईला का. दिल्लीहून उत्तर आलं की ईमेल करा. त्यावर तिसरी हरकत, ज्याला फोनच परवडत नाही त्यानं ईमेल कुठनं करावा. टपालवाला वैतागला, पण दादा थकले नाहीत. शेवटी दिल्लीवालेच थकले म्हणा किंवा त्यांना पटलं म्हणा, एक बैठक कोल्हापुरात घेतो असं पत्र आलं. दादांनी ते तीनदा वाचलं आणि म्हणाले, "तारखेला माझी हरकत न्हाय." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

दोन जीपा भरून आम्ही गेलो. वैनींजवळ माझी सून बसवली. हॉलमध्ये वर मोठे साहेब, बाजूला फोन कंपन्यांची कोटातली माणसं. त्यातला एक गोड आवाजात म्हणाला, "ज्या कॉलमध्ये संभाषणच होत नाही, तो नेटवर्कवर निव्वळ भार आहे."

दादा उभे राहिले. खिशातनं मोबाइल काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. "सायेब, जरा दम धरा. आमचं पुरावं वाटेत हायत."

फोन दोनदा वाजून थांबला. दादांनी नंबर बघितला. "ह्यो आमचा जीपवाला. म्हणतोय, गाडी भायेर उनात हाय, आटपा."

मागं हशा. तेवढ्यात माझ्या पिशवीत एकदा वाजलं. मी उठून सांगितलं, "दूध आलं. भांडं घेऊन जाणारी मी मात्र इथं."

साहेब हसत म्हणाले, "अहो, पण कुणी बोललं कुठं?"

"बोललं की सायेब. तुमास्नी कळलं न्हाय एवढंच."

आता सगळा हॉल हसला, कोटवालेसुद्धा. आणि टेबलावरचा फोन एकदा वाजून थांबला. दादांनी हात वर केला तसा हॉल शांत झाला. "ही माझी मालकीण. तिची वाचा गेलीया. ती म्हणली, ठीक हाय. ह्यो पावणा म्हणतोय संभाषण न्हाय. मग मी दिवसभर तिच्यासंगं करतो ते काय? एवढं लिवून घ्या."

साहेबांनी टिपून घेणाऱ्याकडं बघितलं. तो लिहीतच होता.

दादा फोन उचलायला गेले, तर तो पुन्हा वाजला. एक, दोन, तीन. मग थांबला. एक आणि दोन आम्हाला ठाऊक. तीन हे काही ठरलेलं नव्हतं. साहेबांनाही गंमत वाटली. "आणि हे काय म्हणाल्या?"

दादा कानापर्यंत लाल. फोन खिशात घातला. "ते नोंदवू नका, सायेब. घरचं हाय."

पुढं पावसाळा सरला आणि एक दिवस पेपरात आलं, तेही शेवटच्या पानावर, की न उचललेल्या फोनला आकार लावण्याचा विचार सोडून दिला आहे. कॉलनीला काय, निमित्त पुरे. हलगी आली, गुलाल आला, तांबड्या रश्श्याचं पातेलं चढलं. पोरांनी दादांना खांद्यावर घेतलं. दादांनी वरूनच दोन हरकती घेतल्या, एक हलगीच्या आवाजावर आणि एक गुलालाच्या दर्जावर. कोणी ऐकून घेतलं नाही. घरच्या फोनला मी स्वतः झेंडूचा हार घातला. वैनी उंबऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या, हार घातलेला फोन मांडीवर, तोंडभर हसू, एका बाजूचं.

मिरवणूक दारासमोर आली आणि खांद्यावरच्या दादांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी हात केला, हलगी थांबली. तीन रिंगा. नवराबायकोत चार पावलांचं अंतर नव्हतं.

त्यांना खाली उतरवलं, तेव्हा मी विचारलंच. "दादा, आता तरी सांगा. तीन म्हणजे काय?"

गुलालानं माखलेला चेहरा पुसत ते बारीक आवाजात म्हणाले, "काय न्हाय. बोलत हुती तवा दिवसातनं धा वेळा हाक मारायची, अहो. काय गं, म्हटलं की म्हणायची, काय न्हाय, उगाच. मी वैतागायचो. वाचा गेल्यावर कळलं, घरात ती एक हाक न्हाय. एक आणि दोन मी शिकवलं तिला. तीन तिनं काढलं."

"मग त्या साहेबांना का नाही सांगितलंत?"

"उगाच रिंग देत्यात हीच तर त्यांची तक्रार हुती," दादा म्हणाले. "एक आणि दोनसाठी मी येवढा भांडलो न्हाय, वैनी."

खिशात पुन्हा वाजायला लागलं. दादांनी पोरांना हलगी वाजवायची खूण केली आणि मोबाइल हातात धरून, न उचलता, तिन्ही रिंगा संपेपर्यंत उंबऱ्याकडं बघत उभे राहिले.