वर बघायला

शिंप्याचा थोरला मुलगा घरजावई म्हणून सासुरवाडीला गेला, त्याच वर्षी चौकात लाकडी मनोरा उभा राहिला. उन्हाळ्यापुरताच. चढायचं, शहर बघायचं, उतरायचं.

सुटीच्या सकाळी शिंपी टोपी शोधत होता. त्याच्याच घरी राहणाऱ्या विधवा बहिणीने विचारलं, "कुठे निघालास, दादा?"

"वर बघायला. पोरीलाही नेतो."

पोरीच्या या आत्याला ऐकू चोख यायचं, दिसायचं मात्र अंधुक. डोळे पुरते जायच्या आत भाचीचं लग्न बघायचं, एवढाच तिला ध्यास. ती ठेवणीतले कपडे घालून दारात उभी राहिली.

"तूही येतेस? जिने फार आहेत."

"माडीवर राहतो वाटतं. बरं आहे, हवा येत असेल."

"हवा भरपूर," शिंपी टोपीच्या नादात म्हणाला.

बापलेकींनी तिला धरून वर नेलं. टोकाला रखवालदार ताठ उभा होता. आत्याला त्याचा गणवेश तेवढा दिसला.

"नोकरी कायमची का?"

"नाही बाई. मनोरा उतरवला की मी मोकळा."

"मोकळाच हवा होता. घरी कोण कोण?"

"कोणी नाही."

"सासूचा जाच नाही," आत्या पोरीच्या कानात म्हणाली.

"आत्या, खाली चल. लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. होकार घेतल्याशिवाय मी हलायची नाही." तिने कठडा धरून बसकण मारली.

जिन्यात माणसं तुंबली. फळ्या कुरकुरू लागल्या. खालून कुणीतरी ओरडलं, "वर काय संसार थाटलाय का?"

शिंप्याला घाम फुटला. तो रखवालदाराला म्हणाला, "हो म्हणून टाका हो. नाहीतर सगळेच खाली जाऊ."

रखवालदाराने टोपी काढली. डोकं तुळतुळीत, केस होते ते कानांवर, तेही पांढरे. "माझी ना नाही, बाई. या वयात मला कुणी आपणहून विचारेल असं वाटलं नव्हतं."

पोर हसू दाबायला पाठ फिरवून शहर बघू लागली. आत्या उठली आणि तिने त्याचा चेहरा अगदी जवळून न्याहाळला.

"दादा, हा काय बोलतोय?"

"होकार देतोय. तुला."

आत्याने पदर सारखा केला. मग म्हणाली, "जिना उतरताना हात धरता येतो का यांना, विचार."

पावसाआधी मनोरा उतरवला आणि रखवालदार शिंप्याच्या मागच्या खोलीत राहायला आला. पोरीने लग्न केलंच नाही. दुकान तीच चालवते. आत्या अकरा वर्षांनी थंडीत गेली. रखवालदार तिच्या मागोमाग, उन्हाळा लागताना गेला.