अष्टपिनी वायरींच्या तंट्याची हकीकत

श्री विद्युल्लता प्रसन्न. हुजुरांस आयुरारोग्य असावे आणि वीज न जावी. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमी, दसऱ्याचे दिवशी एका राज्यात जे वर्तले ते लिहितो. राज्य कोणते हे पुसो नये. लिहिणारास अद्याप त्याच राज्यात राहणे आहे.

पूर्वी हुजुरांपाशी एक कॉम्प्युटर यंत्र होते. ते चालू करून हुजूर स्नानास जात, मग पूजा करीत, मग फराळ करीत, आणि येऊन पाहात तो पडद्यावरचे चाक फिरतच असे. भाद्रपदात गौरीजेवणाचे दिवशी त्यातून धूर निघाला आणि ते कैलासवासी जाहले. मग हुजुरांनी कारखानीस येसाजी धामधेरे यांस आज्ञा केली जे, सुटे भाग आणवून नवे यंत्र वाड्यातच उभे करावे. कारखाना तीन पिढ्या धामधेऱ्यांकडे. आजा तोफा पाही, बाप मोटारी पाही, आणि येसाजी पुढ्यात येईल ते पाही. माणूस प्रामाणिक, हात कसबी, परंतु एखादी वस्तू जागी बसेना की हातोडी मागावी, ही खोड आज्याचे तोफांपासून घराण्यात चालत आली होती.

दिवाण अंताजीपंत यांचा एक भाचा तीन वर्षे वाड्यात नुसता जेवीत होता, आणि त्यास कुठेतरी चिकटवावे म्हणून पंतांचा जीव कासावीस होता. पंतांनी संधी साधून हुजुरांचे कानी घातले जे, कारखानीस नुसते दिवस काढतो. हुजुरांस स्वतःचे मत फारसे नसे, शेवटी जो बोले त्याचे मत तेच त्यांचे. मग भर दरबारात हुकूम सुटला जे, दसऱ्याचे विजयमुहूर्तावर यंत्र चालू जाहले पाहिजे, न जाहले तर येसाजीने कारखान्याच्या किल्ल्या पंतांचे भाच्याचे हाती द्याव्या. येसाजीने मुजरा केला आणि घरी जाऊन ताटावरून तसाच उठला.

अष्टमीपावेतो मदरबोर्ड पेटीत बसला, त्याजवर प्रोसेसर बसला, ग्राफिक्स कार्ड बसले, आणि फक्त पॉवर सप्लायच्या वायरी जोडणे राहिले. तो खंडेनवमी उजाडली. त्या राज्याचा रिवाज ऐसा की नवमीस हत्यारे आणि ग्रंथ पूजेस मांडावे; हत्यारे दशमीचे सकाळी उचलावी, परंतु ग्रंथ म्हणजे सरस्वती, तो सोने लुटून येईतो कोणी हलवू नये. मदरबोर्डाबरोबर आलेली माहितीपुस्तिका जाडजूड, गुळगुळीत आणि कोणास न कळणारी, म्हणून तीच थोर ग्रंथ ठरून पाटावर बसली. वायरीही मांडल्या, आणि त्यांच्या टोकांवर कोठली वायर कशाची हे जे बारीक अक्षरांत छापले होते, त्याजवरच गंध, हळद आणि कुंकू असे तीन थर भक्तिभावाने चढविले. हातोडी मात्र पूजेत नव्हती, कारण ती नारळ फोडण्याचे कामी गुंतली होती.

दशमीस दोन प्रहरी दरबार भरला. हुजूर गादीवर बसले, आणि येसाजी यंत्रापाशी बसला. चोवीस पिनांचा थोरला कनेक्टर घेतला, तो एकाच जागी मावणारा, सुखे बसला, आणि लोकांनी वाहवा केली. मग प्रोसेसरचे शेजारी आठ भोकांचा सॉकेट होता, त्यात काय घालावे हा पेच पडला. आठ पिनांच्या वायरी दोन जातींच्या निघाल्या. एकीचे टोक चार आणि चार असे दुभंगलेले. दुसरीचे सहा आणि दोन. येसाजी बोलिला जे, "ह्या पहिलीत तर भावाभावांत सरळ वाटणी झालेली दिसते. सणाच्या दिवशी असली फुटीर वायर प्रोसेसरला नको. दुसरीत सहांचा सरदार आणि दोघांचा हुजऱ्या आहे, हीच घरंदाज." हे सर्वांस पटले, कारण त्या राज्यात भाऊबंदकीचा धसका प्रत्येक घरास होता. मग ती घरंदाज वायर सॉकेटास लाविली, ती जाईना. उलटी केली, जाईना. मुहूर्तास घटका उरली, येसाजीचे कपाळी घाम आला, आणि तो म्हणाला, "हातोडी आणा."

पंत हे ऐकून इतके संतोषले की स्वतः उठून, खोबरे पुसून, हातोडी त्यांनी आपल्या हाते दिली. "हाणा, कारखानीस," पंत बोलिले, "आठ ते आठ. न जायला काय झालं?"

तेव्हा जामदारखान्याची शिंपीण भिवराबाई यंत्रास मखमली झूल शिवावी म्हणून माप घेण्यास आली होती. तिने तीन हुजुरांचे अंगरखे शिवले, आणि येसाजीचे बारशाची कुंचीही तिचेच हातची. ती पुढे होऊन म्हणाली, "येसू, थांब जरा. घाव घातलास तर आत जाईल, पण मग बाहेर काय काय निघंल?"

येसाजी हलक्या आवाजात बोलिला, "काकू, बाजूला व्हा. आज ही नाही बसली तर आज्याच्या किल्ल्या त्या ऐतखाऊच्या कमरेला जातील." भिवराबाईस फार वाईट वाटले, परंतु तिने हातोडी धरलेले मनगट सोडिले नाही.

पंत बोलिले, "बाई, हे चोळीचे काम नव्हे."

"चोळीचंच हाय, पंत. काज बघून गुंडी लावायची असती. तुम्ही समद्यांनी नुसती मोजली, बघितली कुणीच न्हाई."

मग तिने चाळशी चढविली आणि सॉकेटात डोकावली, तो आठ भोके सारखी नव्हेत. काही चौकोनी, काहींचे दोन कोपरे छाटलेले. तिने शिंप्याचा खडू घेऊन झुलीचे मखमलीवर ती आठही भोके ओळीने काढिली, आणि वायरींची टोके एकेक करून ताडून पाहिली. घरंदाज वायरीचे कोपरे भलतीकडेच. फुटीर वायरीची दोन्ही टोके शेजारी शेजारी धरिली, तो कोपऱ्यास कोपरा मिळाला. येसाजीने हातोडी खाली ठेविली आणि खटका कोठे अडकतो तेवढे पाहून ती वायर बोटाने दाबिली. 'टक्' असा आवाज आला आणि वायर बसली. घरंदाज वायर ग्राफिक्स कार्डास लाविली, तीही लोण्यात सुरी जावी तैशी गेली. मग मुहूर्त टळण्याआधी येसाजीने देवाचे नाव घेऊन बटण दाबिले, आणि पंखे फिरले, आणि पडदा उजळला, आणि येसाजी भर दरबारात लहान लेकरासारखा रडला. पंतांचा भाचा तेव्हा प्रसादाचे ताटापाशी होता, त्यास काहीच कळले नाही.

संध्याकाळी सोने लुटून आल्यावर पुस्तिका पाटावरून उचलिली आणि वाचिली. त्यात अकरावे पानी लिहिले होते जे, या दोन वायरींत विजेची ये-जा उलटसुलट असते, एकीचे जागी दुसरी बळे घातल्यास मदरबोर्ड जळण्याचे भय. हे ऐकून येसाजी भिंतीस टेकून खाली बसला. हुजूर प्रसन्न होऊन भिवराबाईस बोलिले, "माग काय हवे ते." दरबारास वाटले, बाई लुगडे मागेल.

ती म्हणाली, "सरकार, लुगडं हाय माझ्यापाशी. एवढंच करा. पुढल्या नवमीपासून ते पुस्तक बाहेर असू द्या, आणि पूजेला हातोडी बसवा. देवापुढली वस्तू कुणी उचलत न्हाई."

हुजुरांनी मान्य केले. येसाजी म्हणाला, "नवमीची वाट कशाला?" आणि आज्याची हातोडी त्याने स्वहस्ते देव्हाऱ्यात नेऊन ठेविली. ती अद्याप तेथेच आहे. पंत तिजला रोज फूल वाहतात, आणि नारळ पायरीवर फोडितात.

तात्पर्य, आठांस आठ मिळाले म्हणून जोड बसतोच ऐसे नाही, कोपरे पाहावे. जे डोळ्यांनी पाहिले ते लिहिले, जे पंतांनी सांगितले ते गाळिले.