पठाडे सरांचा उजवा पाय

पठाडे सर कुठंही बसलेले असोत, त्यांचा उजवा पाय कामावर असतो. लग्नात खुर्चीवर बसलेत आणि वरातीतला घोडा जरा जोरात पुढं आला, की सरांनी सतरंजीवर ब्रेक दाबलाच. टीव्हीवर हिरोनं गाडी पळवली की सर सोफ्यात टाच रोवून मागं रेलतात. एकदा आमच्या गल्लीत सत्यनारायणाला कुणाचं तरी पोरगं प्रसादाचं ताट घेऊन पळत आलं, तर सरांचा पाय असा दणकन पडला की शेजारच्या काकूंचा अंगठा सुजला. सरांनी माफी मागितली. पण पोराला अंतर ठेवायची सवय नाय, हेही काकूंना ऐकवलंच.

सरांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे काय, मुकुंदवाडीत आमच्या शेजारच्या त्यांच्या घरावर एक पाटी आणि दारात एक पांढरी गाडी. त्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी ब्रेक होता तसा डावीकडं सरांच्याही पायाशी एक ब्रेक होता. सगळं आयुष्य त्यांनी त्या डाव्या सीटवर काढलं, दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग देऊन, पाय ब्रेकवर धरून. मुकुंदवाडी ते चिकलठाणा या पट्ट्यात जे कुणी गाडी चालवतात त्यातले निम्मे सरांचे विद्यार्थी. उरलेल्यांकडं बोट दाखवून सर सांगायचे, "ह्ये आपले नव्हं."

मीही त्यांच्याकडंच शिकले, चाळिशी उलटल्यावर. त्यांचा एक नियम होता, तो कुणी लिहून ठेवलेला नव्हता पण सगळ्यांना माहीत होता. गाडीच्या बाहेर मी "मॅडम, तुम्ही". दार लावून चावी फिरवली की "तू". इंजिन बंद झालं की पुन्हा "मॅडम, या आता". आणि मधल्या वेळात एकच प्रश्न, अखंड. "पाय कुठंय?" क्रांती चौकाच्या पुलावर चढाला माझी गाडी बंद पडली, मागं रिक्षावाले हॉर्नवर बसलेत, मला घाम फुटलाय, आणि हा माणूस थंडपणे विचारतोय, पाय कुठंय. मला तर वाटायचं, तुमच्या डोक्यात घालते म्हणावं. पण शिकले. आजही सिग्नलला थांबले की मनात आपोआप येतं, पाय कुठंय.

सरांना रेल्वेचा मनापासून तिरस्कार होता. फाटक पडलं की ते विद्यार्थ्याला गाडी बंद करायला लावायचे आणि समोरून जाणाऱ्या डब्यांकडं बघून नाक मुरडायचे. जिला स्टेअरिंग नाय तिला गाडी म्हणायचं तरी कसं, असं त्यांचं मत. वळायचं नाय, ओव्हरटेक करायचं नाय, मग त्या माणसाला कशाचा पगार देतात? रिक्षात ते बसत, पण रिक्षावाल्याला शिकवत शिकवत. एकानं शेवटी जालना रोडवर रिक्षा बाजूला घेतली आणि हात जोडले, "चचा, तुमिच चला लेव." तर सर खरंच पुढं सरकायला लागले.

एक गोष्ट मात्र सगळी गल्ली मानायची. चालत्या गाडीत सर कधी झोपले नाहीत. गल्लीची सहल तिरुपतीला गेली होती, तेव्हा सगळी बस घोरत होती आणि सर ड्रायव्हरच्या मागं ताठ बसून होते. कुणीतरी जागं पायजे, एवढंच म्हणाले.

अशा माणसानं एका सकाळी पाटी उतरवली आणि गाडी विकून टाकली.

गल्लीला कळेना. कारण विचारलं तर दरवेळी वेगळं. वाण्याला सांगितलं पेट्रोल परवडत नाय. काकूंना सांगितलं रस्त्यात लई खड्डे झालेत. मला सांगितलं की आजकालच्या पोरांना शिकायचंच नसतं, त्यांना फक्त लायसन पायजे असतं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण त्या कधीपासूनच्या खऱ्या होत्या, त्यासाठी कुणी आजच गाडी विकत नाही. मी जालन्याच्या एका कॉलेजात लायब्ररियन आहे. न वाचता पुस्तक परत करणारा माणूस मी तोंडावरून ओळखते, आणि सर मला तसेच दिसायला लागले.

त्यानंतरच्या गुरुवारी मुकुंदवाडी स्टेशनवर बघते तर काय, सर! हातात पिशवी, चेहरा परीक्षेला आल्यासारखा. मी रोज याच गाडीनं जाते, त्यामुळं जागा धरणं, डबा ओळखणं हे मीच त्यांना शिकवलं. उगाच कशाला खोटं बोलू, मला त्यात मजा आली. दोन-तीन आठवड्यांत सर तयार झाले. म्हणजे त्यांनी इंजिनवाल्याला मार्क द्यायला सुरुवात केली. चिकलठाण्याला गाडी अलगद थांबली की मान हलवून म्हणायचे, "पास." करमाडला झटका बसला की, "ह्याला परत बोलवा." आणि प्रत्येक स्टेशन आलं की यांचा उजवा पाय डब्याच्या जमिनीवर दाबलेला.

दर गुरुवारी ते लेकीकडं जायचे. ज्योती त्यांची एकुलती एक. आई लवकर गेली, सरांनीच वाढवली. जालन्यात तिचं कपड्यांचं छोटं दुकान आहे, गुरुवारी ते बंद असतं. आता ज्योतीचं आणि सरांचं एक जुनं दुखणं होतं, तेही गल्लीला माहीत होतं. अठरा वर्षांची झाल्या झाल्या ती म्हणाली, बाबा, मला गाडी शिकवा. सर म्हणाले, नाय. तिनं अबोला धरला, रडली, माझ्या आईला मध्यस्थ घातलं. नाय म्हंजे नाय. अख्ख्या मुकुंदवाडीच्या पोरी शिकल्या आणि पठाडे सरांचीच पोरगी राहिली. शेवटी लग्नानंतर ती जालन्यात दुसऱ्या कुणाकडं तरी शिकली आणि दुकानाचा माल आणायला गाडी घेतली. सर त्या गाडीत एकदाही बसले नाहीत. जालना स्टेशनवरून ते रिक्षानं जायचे. ज्योती म्हणायची, बाबा, मी घ्यायला येते. हे म्हणायचे, तू कशाला, रिक्षा हाय की. मला एकदा ती फोनवर म्हणाली, "ताई, बाबांचा माझ्यावर भरवसाच नाही." मलाही तसंच वाटायचं.

मग तो गुरुवार आला. आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता खोदलेला होता, सगळीकडं खडी आणि चिखल. मी पुढं जाऊन जागा धरली, सर मागून आले आणि समोर बसले. चिकलठाणा आलं, गाडी हळू झाली, सरांनी सवयीनं पाय दाबला. माझं लक्ष खाली गेलं. उजव्या पायात चप्पलच नव्हती. पाय चिखलानं भरलेला, आणि त्यांनी तो उचलला तर खाली रक्ताचा डाग.

मी म्हणाले, सर, चप्पल कुठंय? त्यांनी वाकून स्वतःच्या पायाकडं बघितलं, दुसऱ्याच कुणाचा पाय बघावा तसं. त्यांना माहीतच नव्हतं. चप्पल गल्लीत खडीत राहिली होती आणि हा माणूस तसाच स्टेशनापर्यंत चालत आला होता, तळव्यात काच घेऊन.

मी बाटलीतलं पाणी ओतून पाय धुतला, काच काढली, ओढणी बांधली. ते नको नको म्हणाले, पण काच निघताना हूं की चूं केलं नाही. मला धडकी भरली ती तिथं. करमाड आलं तेव्हा ते आपणहून बोलले. शुगर जुनीच होती, पाय हळूहळू बधिर होत गेला, डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांनी मनावर घेतलं नव्हतं.

"एक पोरगी शिकत होती. समोर म्हातारी आली. मी ब्रेक दाबला. मला वाटलं, दाबला. गाडी काय थांबंना. खाली बघतो तर पाय पेडलच्या बाजूला, नुसता मॅटवर. पोरीनं तिचा ब्रेक मारला म्हणून म्हातारी वाचली." मग म्हणाले, "जल्मभर लोकांना विचारलं, पाय कुठंय. आन माझा कुठंय त्ये मलाच म्हाईत नव्हतं."

त्या पोरीला वाटलं, सरांनी मुद्दाम परीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी ती पेढे घेऊन आली तर पाटी उतरवलेली.

मी फोन काढला. ज्योतीला गाडी घेऊन स्टेशनवर बोलावते म्हणाले. सरांनी माझा हात धरला. "तू तिला सांगू नको." शिकवायच्या गाडीबाहेर मला त्यांनी पहिल्यांदाच तू म्हटलं होतं. मी म्हणाले, सर, लोकांना गप्प बसवणं हा माझा धंदा आहे, स्वतः गप्प बसणं नाही. आणि रागाच्या भरात तेही विचारून टाकलं, जे गल्लीनं इतकी वर्षं विचारलं नव्हतं. सगळ्या जगाला शिकवलंत, मग तिलाच का नाही? एवढी का नकोशी होती ती?

सर दचकले. नकोशी हा शब्द त्यांना फार लागला. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"तिच्या शेजारी बसून मी ब्रेकवरचा पाय उचललाच नसता," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या पोरी व्हत्या तवा जमलं. माझी पोर स्टेरिंगवर म्हणल्यावर मी गाडी गल्लीच्या बाहेर जाऊ दिली नसती. ती शिकलीच नसती कधी."

मी फोन मात्र लावला.

जालन्याला ज्योती आमच्या आधी येऊन उभी होती. पायाची ओढणी बघून तिचा चेहरा उतरला. कधीपासून, एवढंच तिनं विचारलं. लई दिवस नाय, असं सर म्हणाले आणि माझ्याकडं बघणं टाळलं. तिनं गाडीचं पुढचं दार उघडलं. सर तिथं उभे राहिले, त्या सीटकडं बघत. जन्म काढला तीच जागा, फक्त खाली ब्रेक नव्हता.

"पुढं बसा ना, बाबा."

"नगं. पुढं बसलो की पाय मधी येतो."

ते मागं बसले. बसले म्हणजे, दोन्ही पाय वर घेऊन चक्क मांडी घातली, आणि उजवा पाय डाव्या मांडीखाली दाबून धरला. ज्योतीनं आरशात बघितलं, गाडी काढली. स्टेशनच्या फाटकाशी एक रिक्षा आडवी घुसली. तिनं ब्रेक लावला. मी बाहेर उभी राहून गाडीच्या मागच्या काचेतून बघत होते, सर हलले नाहीत. गाडी दवाखान्याच्या दिशेनं वळून दिसेनाशी झाली, तशी मीही कॉलेजकडं निघाले.

पुढच्या गुरुवारी सर स्टेशनवर होते. पायात मागं पट्टा असलेल्या नव्या सँडल, ज्योतीनं घेतलेल्या. आता दर गुरुवारी तीच स्टेशनवर न्यायला येणार होती. गाडी चिकलठाण्याला थांबली, सरांचा पाय दाबला गेला, इंजिनवाला पास झाला. मला राहवेना. मी विचारलं, ज्योती कशी चालवते? तिला किती मार्क?

सरांनी वाकून सँडलचा पट्टा हातानं चाचपून बघितला.

"मला कसं म्हाईत असणार?" ते म्हणाले. "मला झोप लागली व्हती."