चुकांसकट

सकाळी नऊ वाजून एका मिनिटाने सर्व्हरने सलग चौदाव्या दिवशी तीच तक्रार केली: "डिस्क २ : चुका आढळल्या." आणि सलग चौदाव्या दिवशी साहेबांनी तिच्यावर तोच इलाज सुचवला.

"ही ओळ यायची बंद करा."

"साहेब, ओळ बंद केली म्हणून चूक थांबत नाही," तारभाऊ म्हणाला.

"मी चुकीबद्दल बोललो का? मी ओळीबद्दल बोलतोय. ही ओळ वर जाते. वरची मंडळी मला विचारतात."

वरची मंडळी म्हणजे विश्वस्त. ते तिसऱ्या मजल्यावर महिन्यातून एकदा जमत आणि एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करून उठत. तळघरात जे चालायचं त्याला बोलतं ग्रंथालय म्हणत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी माणसांनी मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित केलेली पुस्तकं तिथे एका कपाटाएवढ्या सर्व्हरमध्ये साठवलेली होती. त्या कपाटात चार डिस्क होत्या आणि त्यांच्या दोन जोड्या होत्या. जोडीतल्या एकीवर जे असेल ते हुबेहूब दुसरीवरही असायचं. एक मेली तर दुसरी राहावी, एवढाच त्यामागचा विचार. विश्वस्तांच्या डोक्यातून निघालेला नसल्यामुळे विचार चांगला होता.

तारभाऊ इथे आला होता तो घंटीच्या तारा ओढायला. तारा ओढून झाल्या, पण तो गेलाच नाही. सर्व्हरच्या काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत कमांड टाईप करायला तो आपला आपण शिकला, आणि एक दिवस सगळ्यांच्या लक्षात आलं की हा गेला तर आपलं काही खरं नाही. पगार मात्र तारवाल्याचाच राहिला. त्यामुळे आता कुणी त्याच्यासमोर तुटकी केबल धरली की त्याचं तोंड कडू व्हायचं. "ते काम आपण सोडलं," असं तो सांगायचा.

पहिल्या दिवशी तक्रार आली तेव्हा रिपोर्ट चाळीस ओळींचा होता. तो पाहून साहेब खुर्चीतून उठलेच होते.

"चाळीस चुका?"

"चूक कुठे आहे ते पहिल्या ओळीत आहे साहेब. बाकीचा तपशील."

"मग तपशील कशाला पाठवता? वरच्यांना वाटतं आपण झोपा काढतो. एक ओळ ठेवा."

तारभाऊने एकोणचाळीस ओळी कापून टाकल्या. सगळा दोष साहेबांवर ढकलायलाही नको. खरं सांगायचं तर त्या चाळीस ओळी तारभाऊनेही कधी धड वाचल्या नव्हत्या. पहिली ओळ वाचली की आपल्याला सगळं कळलं, असं वाटण्याइतका तो आता तज्ज्ञ झाला होता.

डिस्क २ आणि डिस्क ३ ही जोडी होती, आणि त्या जोडीवर वाचनताईंची पुस्तकं होती. ताई गेल्या त्याला आठ महिने झाले. त्यांनी एकसष्ट पुस्तकं वाचून दिली. बासष्टावं घरीच, टेबलावर रेकॉर्डर ठेवून वाचत होत्या, ते अर्ध्यावर राहिलं. अपूर्ण पुस्तक बाहेर द्यायचं नाही असा नियम असल्यामुळे ते फक्त सर्व्हरवर होतं. ताईंची एक सवय होती. दर ध्वनिमुद्रणाच्या शेवटी त्या त्या दिवसाच्या आपल्या चुका सांगायच्या. अमुक पानावर हा शब्द चुकला, तमुक पानावर ओळ सुटली, ती आता वाचते. बाहेर जाणाऱ्या प्रतींमधून साहेबांनी हे कापायला लावलं होतं. वाचकांना आपल्या चुका कशाला ऐकवायच्या, असं त्यांचं म्हणणं.

ताईंच्या नवऱ्याला सगळे आजोबा म्हणत. उतारवयात त्यांची नजर गेली, तेव्हा ताईंनी त्यांच्यासाठी वाचायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांसाठीच वाचायला लागल्या. आता आजोबा दर गुरुवारी चार वाजता येत, कोपऱ्यातल्या खुर्चीत हेडफोन लावून बासष्टाव्या पुस्तकाचं एकच प्रकरण ऐकत आणि जात. जास्त मागत नसत. संपून जाईल म्हणून. आता एकच प्रकरण उरलं होतं, आणि आज गुरुवार होता.

दुपारी नवी डिस्क मंजूर झाली. सह्या घ्यायला तारभाऊला वर दोन तास बसवून ठेवलं. साडेतीनला तो खाली आला आणि सरळ सर्व्हरपाशी गेला. मशीन डिस्क शून्यापासून मोजतं, आणि कप्प्यांवरचे स्टिकर एकपासून होते, हे त्याला झोपेतही पाठ होतं. मशीन दोन म्हणालं की हात तीनवर जायचा. हात तीनवर गेला. त्याने कप्पा ओढला.

सर्व्हर किंचाळला. चांगल्या डिस्कला हात लावल्यावर जसा किंचाळतो तसा.

तारभाऊने खाली वाकून स्टिकर पाहिले. शून्य, एक, दोन, तीन.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "हे स्टिकर कुणी बदलले?"

नोंदवाल्या मॅडमनी रजिस्टरमधून मान वर केली. त्यांच्या रजिस्टरात असल्याशिवाय इमारतीत कुठलीही वस्तू अस्तित्वात येत नसे. "मी. आत्ताच, तुम्ही वर होतात तेव्हा. पेढे द्या आता."

"का बदलले?"

"का म्हणजे? तुमचाच अर्ज होता. तीन वर्षांपूर्वीचा. स्टिकर आणि मशीन यांचे आकडे जुळत नाहीत, घोटाळा होऊ शकतो. सुंदर अक्षर होतं तुमचं तेव्हा. शून्य नंबरच्या वस्तूला आमच्यात जागाच नाही, पण खास बाब म्हणून मंजुरी आणली. कालच आली."

"मला सांगायचं नाही?"

"सांगायचा वेगळा अर्ज होता का?"

तारभाऊने घाईघाईत कप्पा परत आत ढकलला. ही दुसरी चूक. बाहेर जाऊन आलेली डिस्क मशीनला परकी वाटली. ती कोरी आहे असं धरून त्याने तिच्यावर जोडीदारणीचं सगळं उतरवायला सुरुवात केली. म्हणजे चौदा दिवस रडणाऱ्या डिस्कवरचा मजकूर धडधाकट डिस्कवर. तारभाऊचे हात कीबोर्डवर गेले तोच साहेब दारात उगवले.

"आवाज कसला? काय चाललंय?"

"उलटं चाललंय साहेब. थांबवतो."

"चालू आहे ना? मग हात लावू नका! चालू असलेल्याला हात लावला म्हणूनच हे झालं." हे वाक्य असं होतं की त्याला पटकन उत्तर सुचत नाही, आणि उत्तर शोधेपर्यंत एक्केचाळीस टक्के उतरवून झालं. तिथे काम आपोआप थांबलं. स्क्रीनवर आलं: डिस्क २ वाचता येत नाही.

साहेब दोन पावलं मागे गेले. अशा वेळी मागे जाण्याची त्यांची कला तालमीतली होती. "ताईंची पुस्तकं याच्यावरच होती ना? मी तर तेव्हाच म्हणालो होतो."

"काय म्हणाला होतात?"

"जे म्हणायचं ते."

चार वाजले. जिन्यावर काठीचा आवाज आला. आजोबा येऊन आपल्या खुर्चीत बसले, हेडफोनसाठी हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला.

"सगळे इतके गप्प का रे?"

मॅडमनी रजिस्टर मिटलं. साहेबांना वरून कुणीतरी बोलावल्याचं आठवलं, पण ते गेले नाहीत. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखी तेवढीच गोष्ट आहे.

"आजोबा, डिस्क वाचत नाहीये," तारभाऊ म्हणाला. "दोन्ही घोटाळ्यात आहेत. एकीत चुका होत्या, दुसरीचं मी वाटोळं केलं."

"कसल्या चुका?"

"रिपोर्टमध्ये आल्यात. डिस्क दोन, चुका आढळल्या."

"पुढे?"

"पुढे काही नाही. एकच ओळ आहे."

"एका ओळीत चूक सांगता येते होय?" आजोबांचा आवाज चढला नाही, पण तारभाऊची मान खाली गेली. "आमची एवढीशी अडखळली तरी पान सांगायची, ओळ सांगायची, काय वाचायला हवं होतं ते सांगायची. तुमच्या मशीनला तेवढंही येत नाही?"

"येतं. मी कापलं ते."

"मग आण. आणि वाच. मला दिसत नाही, मोठ्याने वाच. गाळू नकोस काही."

तारभाऊने कमांड दिली. चाळीस ओळी खाली घसरत आल्या. तो उभा राहून वाचू लागला: डिस्कचा प्रकार, वय, तापमान, किती तास चालली. त्याचा आवाज सपाट होता. साहेबांनी जांभई दाबली.

"सावकाश," आजोबा म्हणाले.

"वाचताना सापडलेले खराब भाग, शून्य. दुरुस्त केलेले भाग, शून्य. दुरुस्तीच्या रांगेतले, शून्य." तारभाऊ थांबला.

"थांबलास का?"

"शून्य आहे आजोबा. सगळीकडे शून्य."

"मग चुका कुठायत?"

"डिस्कवरून मशीनकडे जाताना बिघडलेले भाग," तारभाऊने एकतिसावी ओळ वाचली, "अकराशे बेचाळीस."

"म्हणजे काय?"

तारभाऊने ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली. "म्हणजे डिस्क ठणठणीत आहे. चूक तारेत आहे."

तळघरात कुणी हसलं नाही, एवढी माणुसकी त्या तिघांत होती. मॅडम उठल्या, त्यांनी खालच्या खणातून एक वीतभर लाल केबल काढून टेबलावर ठेवली आणि त्या म्हणाल्या, "सही नंतर करा."

त्यांच्या नोकरीत हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं.

सर्व्हर बंद करून, पोटावर झोपून, जे काम आपण सोडलं असं तो सांगत फिरायचा ते तारभाऊने साडेतीन मिनिटांत केलं. जुन्या केबलचं टोक चिमटलं होतं. महिन्याभरापूर्वी ती खोबणीत कोंबणारा हात त्याचाच होता. मशीन चालू झालं. डिस्क २ पहिल्या झटक्यात वाचली गेली आणि जोडीदारणीवर निमूटपणे उतरू लागली. बेचाळीस टक्के, त्रेचाळीस.

"ती ओळ आता येणार नाही ना?" साहेबांनी विचारलं.

"नाही येणार."

"बघा. चौदा दिवस मी दुसरं काय सांगत होतो?" आणि ते वर निघून गेले, बहुधा हेच वर सांगायला.

मॅडम म्हणाल्या, "स्टिकर पूर्वीसारखे हवे असतील तर अर्ज द्या. तीन वर्षं धरा."

तारभाऊने आजोबांचं प्रकरण लावलं. आज हेडफोनमध्ये नव्हे, स्पीकरवर. आजोबांनीच सांगितलं, ज्याने वाचून दाखवलं त्यालाही ऐकू दे. तासभर ताईंचा आवाज तळघरात फिरत राहिला. कुठे खरखर नाही, कुठे तुटलं नाही. प्रकरण संपलं. मग जरा थांबून, पाणी प्यायल्याचा आवाज होऊन, ताई म्हणाल्या:

"आजच्या माझ्या चुका. पान दोनशे सहा, 'वहिनी'च्या जागी 'बहीण' वाचलं. पान दोनशे अकरा, चौथी ओळ सुटली, ती आता वाचते." ती त्यांनी वाचली. "आणि पान दोनशे चौदावर मधेच जे कुणी 'अगं, चहा ठेवतेस ना?' म्हणालं, ते पुस्तकात नाही. ती चूक माझी नाही. पण नोंद असावी."

पुढे काही नव्हतं. आजोबांनी खुर्ची स्पीकरच्या दिशेने सरकवली.

"पान दोनशे चौदा परत लाव," ते म्हणाले. "आणि ते कापायचं नाही हं. कुणाचाही अर्ज आला तरी."