टाकी काही केल्या रिकामी होईना

आमची म्हातारी लेकीच्या बाळंतपणाला निघाली, तेव्हा मी मनाशी एक साधी गोष्ट ठरवली. ती परत येईपर्यंत या घरात पाण्यावरून कुणी कुणाला बोलायचं नाही. एवढंच. यात कुणाचं वाईट व्हावं असं काही होतं का, तुम्हीच सांगा.

आमच्याकडे नदी नाही. विहिरी आहेत, त्यात पारवे राहतात. पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावर जे पडतं ते पन्हळीतून टाकीत येतं, आणि तेच पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं. टाकी लोखंडी पत्र्याची, गोल, दगडी ओट्यावर बसवलेली. झाकण उघडून आत बघायचं तर शिडी लागते, आणि शिडीला गुडघे लागतात. म्हणून पाणी किती उरलं ते बाहेरून ठोकून ओळखायचं. खालून ठोकत ठोकत वर जायचं. पाणी आहे तिथवर पत्रा ‘ठप्प’ बोलतो. पाणी संपलं की ‘टण्ण’ वाजतो. ठप्प कुठे संपतं आणि टण्ण कुठे सुरू होतं तेवढं कळलं की झालं.

हे काम माझ्याकडे होतं. खरं सांगायचं तर एवढंच काम माझ्याकडे होतं. सगळा जन्म पिठाच्या गिरणीत गेला. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण गिरणीचा पट्टा कधी तुटणार ते मी आवाजावरून सांगायचो. मग मुलाने गिरणी विकून ट्रक घेतला. बाजारहाट सुनेकडे गेला. गाय होती ती विकली, म्हणून धार काढणं गेलं. म्हातारं होणं म्हणजे दुसरं काय, हातातली एकेक वस्तू कुणीतरी हळूच काढून घेतं आणि वर म्हणतं, “असू द्या बाबा, तुम्ही बसा.” मी बसायचो. पण सकाळी उठलो की आधी टाकी ठोकायची आणि अंगणातून मोठ्याने सांगायचं, किती आहे ते. तेवढा वेळ घर माझ्याकडे बघायचं. (पुढे कळलं की माझ्या ओरडण्याने सगळी आळीच माझ्याकडे बघायची.)

तो उन्हाळा फार उदास होता. आभाळ राखेसारखं. चिमण्या यायच्या, पण गप्प बसून जायच्या. सून तोंडातल्या तोंडात बोलायला लागली होती. मुलगा आठवड्यातून एकदा ट्रक घेऊन यायचा, जेवताना ओठ हलवायचा आणि निघून जायचा. घरात काहीतरी दुःख आहे आणि ते मला कुणी सांगत नाही, असं मी धरून चाललो होतो. विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाने विचारलं की लोक आणखी हळू बोलतात.

त्यात एकच सुखाची गोष्ट. टाकी. कधी नव्हे ते पाणी टिकलं होतं. खालून वरपर्यंत ठोकावं तर ठप्प, ठप्प, ठप्प. उन्हाळा अर्धा सरला तरी काठोकाठ. आणि तरीही म्हातारी सुनेला सांगायची, “दोन हंडे. बास.”

“अगं, टाकी भरलेली आहे,” मी म्हणायचो.

“असू द्या भरलेली.”

“मग त्या पोरीला का छळतेस?”

यावर ती माझ्याकडे बराच वेळ बघायची आणि घरात जायची. मला वाटायचं, वयानुसार माणूस चिकट होतं. सुनेलाही तेच वाटायचं. त्या एका बाबतीत माझं आणि सुनेचं छान जमलं होतं.

तर म्हातारी निघाली. जाताना माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाली, “बाळ-बाळंतिणीला घेऊन इकडेच येते. लेकीला उठायचं बळ नसेल. तेवढं पाणी राहू द्या म्हणजे झालं.”

“तू निर्धास्त जा,” मी म्हणालो.

ती गेली आणि सुनेने जवळ येऊन विचारलं, “बाबा, पांघरुणं धुवायची होती. आई नको म्हणाल्या होत्या.”

मी ठोकलं. ठप्प. “धू.”

“सगळी?”

“शेजाऱ्याची असतील तर तीही धू.”

हे मी गमतीने म्हणालो, पण मोठ्याने म्हणालो. शेजारी शिंपी राहतो. त्याची टाकी तळाशी गंजून गळायला लागली होती. तो हातात घागर घेऊन कुंपणापाशी उभा राहिला.

“काका, ऐकलं ते खरं का?”

“काय ऐकलंस?”

“आळीत तुमचंच चाललंय. एवढीशी घागर आहे.”

“एक काय, चार ने,” मी म्हणालो. (काय करणार. कितीतरी दिवसांनी कुणी माझ्याकडे काही मागायला आलं होतं.) त्याने चार नेल्या. मग त्याची बायको आली. मग बायकोची बहीण, जी मुळात भेटायला आली होती, तीही भरून घेऊन गेली. मी वाळलेल्या मिरचीच्या झाडांना पाणी घातलं. ती मेलेलीच होती, पण ओली बरी दिसली. रोज सकाळी ठोकत होतो, रोज ठप्प. एवढं देऊनही टाकी काही केल्या रिकामी होईना. मनात म्हटलं, देणाऱ्याला कमी पडत नाही ते असं.

मग टँकरवाला आला. पावसाआधी एकदाच आमच्या बाजूला येतो, नंतर डोंगरापलीकडच्या गावांना जातो. मुलाने त्याला सांगून ठेवलं होतं. तो खाली उतरला आणि माझ्याजवळ येऊन ओरडला,

“बाबा, पाइप कुठे सोडू?”

“कुठेही सोडू नकोस. आमची भरलेली आहे.”

तो सुनेकडे बघायला लागला. सून माझ्याकडे. “बाबा, घेऊन ठेवू या का? ताई येणार, लहान बाळ...”

“आणि ओतणार कुठे? माझ्या डोक्यावर?”

“नक्की ना बाबा?” टँकरवाला म्हणाला. “मी पुन्हा येणार नाही हां.”

“अरे, ठोकून सांगतो!” मी म्हणालो, आणि खरोखरच त्याच्यासमोर ठोकून दाखवलं. त्याच्या ट्रकचं इंजिन चालू होतं, त्यामुळे त्यालाही काही कळलं नाही. त्याला निदान इंजिनाचं निमित्त होतं.

त्यानंतर काही दिवसांनी, सून सकाळी बादली घेऊन नळापाशी गेली आणि तशीच रिकामी घेऊन परत आली.

“बाबा, पाणी येत नाही.”

“नळ तुंबला असेल.”

प्लंबर आला. पोरगेलासा, पण माणूस बरा, मोठ्याने बोलणारा. त्याने नळ खोलला, तार घातली, फुंकर मारली, मग शिडी लावून वर चढला आणि झाकण उघडून आत बघत राहिला.

“बाबा, नळाला काही झालेलं नाही. आत पाणी नाही.”

“नीट बघ.”

“तळाला गाळ आहे. त्यात एक पाल आहे. तीसुद्धा वरच बघतेय.”

“भलतंच!” मी म्हणालो आणि ठोकलं. “हे बघ. ठप्प. भरलेली.”

प्लंबर खाली उतरला. त्याने स्वतः ठोकलं. सून तोंडावर पदर धरून उभी. तो मला म्हणाला, “बाबा, जरा त्या छपराकडे बघत राहा. पन्हळ सरळ आहे का सांगा.” मी बघत राहिलो. पन्हळ सरळ होती. तसं सांगायला मागे वळलो, तर त्याचा मोठा पान्हा ओट्याच्या दगडावर माझ्या टाचेशी पडलेला, सुनेचे दोन्ही हात कानांवर, आणि कोंबड्या कुंपणापलीकडे पोचलेल्या.

“कधी पाडलास?” मी विचारलं.

कुणी काही बोललं नाही. किंवा बोलले असतील, मला ऐकू आलं नसेल. त्या क्षणापासून या दोहोंतला फरक मला सांगता येणार नाही हे मात्र कळलं.

मी ओट्यावर बसलो. चिमण्या कुंपणावर चोची उघडून मिटत होत्या. म्हणजे त्यांची चिवचिव चाललेलीच होती. मुलगाही जेवताना बोलत होता. घरात दुःखबिःख काही नव्हतं. जे काय होतं ते माझ्या दोन कानांत होतं, आणि गिरणीने ते वर्षानुवर्षं थोडं थोडं दळून ठेवलं होतं. टण्ण गेलं होतं, ठप्प तेवढं उरलं होतं. अशा माणसाला जगातली कुठलीही टाकी भरलेलीच लागणार.

आणि दुपारी म्हातारी आली. बरोबर लेक, आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. लेक अशी पांढरी पडलेली की मला बघवेना. सुनेने बाळ माझ्या मांडीवर दिलं. लाल तोंड, डोळे घट्ट मिटलेले, तोंड चांगलं उघडलेलं.

“किती शांत पोर आहे!” मी म्हणालो.

लेकीने आईकडे पाहिलं. सुनेने घाईघाईने बाळ उचललं, आणि मग मला त्याची हलणारी जीभ दिसली. बिचारं जीव तोडून रडत होतं, माझ्याच तोंडासमोर.

मी म्हातारीला बाजूला घेतलं. “पाणी संपलं,” म्हणालो. “टँकरही मीच परत पाठवला. बाळाला अंघोळ घालायला तांब्याभर पाणी नाही घरात.” एवढं बोलायला मला फार वेळ लागला.

ती रागावली नाही. ते जास्त वाईट. तिने सुनेला हाक मारली असावी, कारण सून आली. दोघी परसात गेल्या, लाकडांचा ढीग उपसला, आणि त्यामागून दोन मोठी पिंपं निघाली. झाकणं बांधलेली, वर पोती. तोंडापर्यंत पाणी.

“हे कधी भरलंस?”

ती माझ्या उजव्या कानाशी आली. “निघायच्या आधी. टाकी कुणाच्या कानावर सोडून चाललेय ते ठाऊक नव्हतं का मला?”

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“मागच्या उन्हाळ्यापासून. तुम्ही ओरडून घरात आलात की मी जाऊन ठोकायची. त्यावरून हंडे ठरवायची.”

सून मान खाली घालून उभी. चिकट म्हटलेलं तिलाही आठवत असणार.

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं की. दोनदा. तुम्ही ‘बरं’ म्हणालात.” पिंपावरचं पोतं सारखं करून ती पुन्हा कानाशी आली, “तिसऱ्यांदा सांगवेना. सकाळी टाकीकडे जाताना तुम्ही टोपी नीट करायचात.”

मी टोपी काढून हातात घेतली.

पिंपांनी बाळ-बाळंतिणीचं भागलं. बाकीच्यांना शिंपी कुठून कुठून वाहून आणून देत राहिला. चार घागरी नेल्याचं त्याने मनाला फारच लावून घेतलं. आणि म्हातारीने ठरवलं की टाकी कधी नव्हे ती कोरडी आहे, तर पावसाआधी तळातला गाळ काढून घ्यावा. झाकणाचं तोंड लहान. मुलगा त्यात कमरेपर्यंत गेला आणि अडकला, त्याला ओढून काढावं लागलं. सून लेकीजवळ हवी. घरात त्या भोकातून जाईल एवढा बारीक माणूस एकच होता. मुलाने मला शिडीवर ढकललं आणि दोरीने आत सोडलं. गुडघ्यांनी काय सोसलं ते लिहीत नाही.

आत अंधार. गार. वर झाकणाएवढं राखेच्या रंगाचं आभाळ. मी गाळात मांडी घालून बसलो आणि खरवडायला लागलो. (पाल होती. तिने जागा दिली.) बसल्या बसल्या वाटलं, वाईट नाही. पुन्हा एक काम मिळालं. थोडं खालचं, पण आपलं.

आणि एकदम टण्ण!

माझे दात वाजले. तळ वाजला, पाल पळाली, अंगातलं हाडन् हाड वाजलं. तो आवाज कानाने ऐकला की पाठीने, देव जाणे, पण ऐकला. तोच तो. पुन्हा टण्ण! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. त्या पत्र्याच्या पोटात बाहेरचा शब्द न् शब्द घुमून येत होता. म्हातारी सुनेला ठोकायला शिकवत होती.

“नीट ऐकून ठेव. उद्यापासून हे तुझ्याकडे. अशी वाजली की समजायचं, आत काही नाही.”

“पण आई,” सून म्हणाली, “आत बाबा आहेत.”

म्हातारीने आणखी एकदा ठोकून पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. “तरी तशीच वाजते.”

इतकं स्पष्ट मी कितीतरी दिवसांत काही ऐकलं नव्हतं.