कमळची लाडूतुला

अठ्ठावन्न सालच्या श्रावणात मी हरिहरेश्वराला एक नवस बोलले होते. "देवा, माझ्या कमळचं अंग फुलायचं थांबू दे, तिच्या भारंभार शेंगदाण्याचे लाडू तुझ्या दारात वाटीन."

नवस बोलण्यात तेव्हा माझा हात (खरं म्हणजे तोंड) धरणारी बाई उभ्या म्हसळ्यात नव्हती. शेंगदाण्याचेच लाडू का, तर सोमवारी निम्म्या गावाला उपास असतो. उपासाला चालणारा प्रसाद वाटला की पुण्य दुप्पट, अशी माझी समजूत.

कमळ पाच वर्षांची. एरवी खेळती-बागडती पोर, पण सोमवार आला की संध्याकाळपर्यंत तिच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठायच्या. एकादशीला ओठ सुजायचे. महाशिवरात्रीला तर तिच्या श्वासातून बारीक शिट्टी वाजायला लागली आणि मी रात्रभर तिच्या उशाशी बसून जप केला. नेमक्या उपासाच्याच दिवशी हे व्हावं, याचा अर्थ मी सरळ लावला: देवाला आमचे उपास कमी पडताहेत. म्हणून मी चतुर्थी धरली, मग गुरुवार धरला. पोरगी हौशी, तीही माझ्याबरोबर उपास करायची. मग गुरुवारीही गांधी उठायला लागल्या. मी शनिवार धरायच्या विचारात होते, तेवढ्यात ह्यांनी आम्हा दोघींना धरून डॉक्टरांकडे नेलं. (हे मामलेदार कचेरीत कारकून. घरात बोलतात कमी, पण शेरा मारतात मोजका.)

डॉक्टरांनी विचारलं, "सोमवारी ही काय खाते?"

"काही नाही. उपास असतो."

"उपासाला काय खाते?"

"खिचडी. वर दाण्याची आमटी. दुपारी दाण्याचा लाडू. मधे लहर आली तर चिक्की."

"खिचडीत कूट?"

"कुटाशिवाय खिचडी कशी होईल?"

"यात शेंगदाणा नाही असं काय आहे, ते सांगा."

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "पाणी," मी म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला समजावलं, की कमळला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. तुमच्या-आमच्या अंगी लागतो तो दाणा हिच्या शरीराला वैरी वाटतो. कूट नाही, दाण्याचं तेल नाही, कुटात बुडालेला चमचासुद्धा नाही. "कणभरही पुरतो, बाई. आणि घसा सुजला तर…" पुढचं त्यांनी सांगितलं नाही. गोळ्यांची पुडी तेवढी ह्यांच्या हातात दिली. ती ह्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि त्या दिवसापासून सदरा बदलला तरी पुडी कधी घरी राहिली नाही.

दोन महिने कमळच्या अंगावर एक गांध उठली नाही. मी आनंदानं देवापुढे साखर ठेवली, आणि ठेवता ठेवता लक्षात आलं. नवस फळला होता. म्हणजे आता तो फेडायचा होता.

"बरं कोणी केलं, देवानं की डॉक्टरांनी?" हे म्हणाले.

"डॉक्टरांना बुद्धी कोणी दिली?"

"मग त्याच देवाला सांग, की लाडू खोबऱ्याचे करतो."

मी हरिहरेश्वरच्या हरेश्वर गुरवाला कार्ड टाकलं. उलट टपाली उत्तर आलं: 'जे बोललात तेच द्यावे. शब्द फिरवू नये.' झालं. फेडला नाही तर देव कोपून कमळला धरणार, फेडला तर लाडू कमळला धरणार. दोन्हीकडून माझीच पोर.

शेवटी फेडायचं ठरलं. पण मी बंदोबस्त असा केला, की कलेक्टरच्या दौऱ्याला होत नसेल. लाडू आमच्या घरात वळले नाहीत, शेजारच्या आवडाबाईंकडे वळले. रोज घरी परतल्यावर मी न्हायले, लुगडं बदललं, नखं घासली, मगच कमळला हात लावला. लाडवांचे डबे एस.टी.च्या टपावर, कमळ ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. ह्यांना मी एकच काम दिलं: पोरीवरून नजर काढायची नाही.

देवळापुढे सुपारीच्या वखारीतला मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात धुतलेली चादर घालून कमळला बसवलं. दुसऱ्यात लाडू चढायला लागले. प्रत्येक लाडवागणिक माझी पोर वर उचलली जात होती, आणि मला वाटत होतं, समोरच्या पारड्यात लाडू नाहीत, सोळा शेर विस्तव आहे. काटा मधे आला. लोकांनी 'हर हर महादेव' केला. ह्यांनी कमळला उचलून लांब कट्ट्यावर नेलं आणि मी तिच्या हातात घरून आणलेली खोबऱ्याची वडी दिली.

खरी लढाई वाटपात होती. ज्याच्या हातात लाडू पडे, तो आधी कमळकडेच वळे. जिच्या नवसाचा प्रसाद, तिच्या तोंडात घास नाही, हे कोणाला बघवेना.

"घे गो बाय, तुजाच लाडू हाय," एक म्हातारे पुढे आले. मी आडवी झाले.

"तिला चालत नाही, बाबा."

"परसाद न्हाय चालत?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून आले होते.

तेवढ्यात ह्यांच्या पाठीमागून माझ्या थोरल्या नणंद सोनूवन्सं कट्ट्यावर चढल्या. चिमटीत लाडवाचा तुकडा. "आ कर कमळे. देवाच्या परसादानं कधी कुनाला बाधलंय? तुजी आई उगाच…"

मी धावले. आयुष्यात पहिल्यांदा नणंदेचा हात धरला आणि तो तुकडा हिसकावून भिरकावला, तो थेट खडकांपलीकडच्या समुद्रात. वन्सं दगडासारख्या उभ्या राहिल्या. "परसाद टाकलास तू," एवढंच म्हणाल्या. कमळच्या तोंडात मात्र फक्त वडी होती.

वाटप संपलं. गुरवानं मला बोलावलं. "वहिनी, शेवटचा लाडू नवस करणारीनं खायचा असतो." मी डोळे मिटून खाल्ला. कधी लागला नव्हता इतका गोड लागला. जीव भांड्यात पडला होता. मी धावत कट्ट्यावर गेले, कमळला उराशी धरलं आणि तिचे पटापट मुके घेतले.

पाच मिनिटांनी कमळ ओठ चोळायला लागली. दहा मिनिटांनी ओठ वडीएवढा झाला. गालावर गांधी, आणि मग ती बारीक शिट्टी.

डॉक्टर म्हसळ्यात. दुपारचा एक वाजलेला. एस.टी. तीनला. ह्यांनी पुडी काढली, गोळीचा चुरा पाण्यात कालवून पाजला, आणि तिला टेकून बसवली. मी तिचा प्रत्येक श्वास कानांनी धरून बसले होते, आणि तोंडानं एकेकाचा उद्धार करत होते. "वन्सं, तुम्हीच. नाहीतर त्या म्हाताऱ्यांनी. कोणी दिला हिला लाडू? देवासमोर सांगा."

वन्सं रडायला लागल्या. "न्हाय गं नीरा, शपथ घेते."

दोन वाजायला आले तेव्हा शिट्टी हळूहळू कमी झाली. कमळनं सुजल्या ओठांनी मला हाक मारली.

"बोल बाळ, कोणी दिला लाडू?"

"कोणीच नाही. तू मुका घेतलास ना, तो दाण्याचा लागला."

सगळे माझ्याकडे बघत होते. ह्यांनी खिशातून रुमाल काढून मला दिला. माझ्या हनुवटीला कूट चिकटलेलं होतं.

वन्संनी पदरानं डोळे पुसले. "माजा लाडू दर्यात गेला. तुजा मात्र बराबर पोचला की गं."

मी तिथेच त्यांच्या पाया पडले. संध्याकाळी डॉक्टरांनी कमळला तपासलं, ती ठीक होती. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही अडवलंत कोणाकोणाला?"

"सगळ्या गावाला," मी म्हणाले.

"एक बाई राहिली."

त्याच रात्री मी दुसरा नवस बोलले: जन्मभर शेंगदाण्याला शिवणार नाही. पुढच्या सोमवारी ताटात एक रताळं आणि केळं आलं. दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा हे म्हणाले, "इतक्या वर्षांत हिनं आज पहिला उपास केला."

बायांनो, तुम्हीही एवढा नवस बोला. परक्या पोराच्या तोंडात प्रसादसुद्धा घालायचा, तर आधी त्याच्या आईला विचारा. आणि आई तुम्हीच असाल, तर आधी तोंड धुऊन या.